सहाव्या दिवसाच्या ओळी

आषाढातली पौर्णिमा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, आमच्या खानापूर तालुक्यात सहसा दिसत नाही. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही, मलप्रभा दुथडी भरून वाहत असते, आणि शेतात रोपलावणी चाललेली असते. चंद्र उगवला की नाही हे बघायला कुणाला सवड नसते. तरी दर वर्षी त्या दिवशी मी माझं दुकान बंद ठेवते आणि बैलहोंगलला जाते. २०२५ सालची गुरुपौर्णिमा १० जुलैला आली, नेमकी गुरुवारी. त्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे, पण सुरुवात १९८९ पासून करावी लागेल.

आधी दुकानाचं सांगते. तहसीलदार कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं काम अर्ज लिहून देण्याचं. उतारा, रेशन कार्ड, वारसा, गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार अडकलेत त्याची चौकशी. येणारी माणसं बहुतेक मराठी, कागद सगळे कन्नड. आजीबाई पदराच्या गाठीतून घडी घातलेली नोटीस काढतात आणि म्हणतात, "बघ ग बाई, काय लिवलंय त्यात." मी वाचते, सांगते, उत्तर लिहिते. हे कागद मराठीतूनही मिळायला हवेत ही मागणी माझीही आहे. पण मिळत नाहीत तोवर आजीबाईला घरी पाठवून देता येत नाही. हे जे मला वाचता येतं, ते मला अक्कोरूंनी दिलं.

अक्कोरू म्हणजे बाई. उत्तर कर्नाटकात शाळेतल्या शिक्षिकेला हाक मारायचा हाच शब्द, अक्का आणि त्याला जोडलेला मान. आम्ही मराठी शाळेतली पोरं बाईंना बाई म्हणायचो आणि मास्तरांना गुरुजी. मी पाचवीत गेले त्या जूनमध्ये कन्नड शिकवायला एक तरुण शिक्षिका आल्या, बैलहोंगलकडच्या. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, मला अक्कोरू म्हणा. आम्ही म्हणालो नाही. बाईच म्हणत राहिलो, आणि तेही तोंड वाकडं करून.

त्या वर्षांतली हवाच तशी होती. १९८६ सालचं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन गावातल्या प्रत्येक कट्ट्यावर अजून ताजं होतं. १ नोव्हेंबरला माझे आजोबा दंडाला काळी फीत बांधून बाहेर पडायचे आणि त्याच दिवशी शाळेत राज्योत्सवाचा झेंडा लागायचा. दहा वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? मला एवढंच कळलं होतं की ही भाषा आपण शिकायची नाही.

आणि तरीही अक्कोरूंना राहायला खोली दिली ती आजोबांनीच. गावात दुसरी बरी जागा नव्हती. घरात कुणीतरी कुरकुरलं, तर आजोबा म्हणाले, "शिकवाय आलेल्या माणसाला जागा न्हाई म्हणायचं नसतंय." भाडं महिना चाळीस रुपये. गावाकडे मास्तरांचा मान असाच रोजच्या व्यवहारातून चालायचा. गुरुजी रस्त्यानं आले की कट्ट्यावरची माणसं पाय खाली सोडून उठून उभी राहायची. नव्या भाताचे पोहे कांडले की पहिली शेर-पायली मास्तरांच्या घरी. कुणाची म्हैस व्याली की खरवस तिकडे. मोठेपणी गुरुपूजनाचे कितीतरी समारंभ बघितले, शाल, नारळ, फ्लेक्स सगळं बघितलं. उठून उभं राहणारा तो कट्टा मात्र मला अजून सर्वांत मोठा वाटतो.

त्या नोव्हेंबरात अक्कोरूंनी अक्षरांची पहिली ओळ दहा वेळा लिहून आणायला सांगितली. मी वहीच्या पानावर मोठ्या मराठी अक्षरात लिहून नेलं, आम्ही शिकणार नाही. त्यांनी वाचलं. त्यांना मराठी तेव्हा फारसं येत नव्हतं, पण एवढं आलं. डाव्या हातावर चार छड्या बसल्या. हात सुजला. आईनं हळद लावली. सुगीचे दिवस होते, घरात सगळे खळ्यावर, मी एकटी सोप्यात हात मांडीवर घेऊन बसले होते, आणि भिंतीपलीकडच्या खोलीतून त्यांच्या स्टोव्हचा आवाज येत होता.

त्या छड्या चुकीच्याच होत्या. मी त्या विसरलेले नाही आणि गुरूचा प्रसाद वगैरे म्हणून गोडही करून घेतलेल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी एका कीर्तनात तैत्तिरीय उपनिषदातला शीक्षावल्लीचा भाग ऐकला. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात, मातृदेवो भव, पितृदेवो भव, आचार्यदेवो भव. इतकं सगळ्यांनाच पाठ असतं. पण तिथेच पुढे ते म्हणतात, यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि. आमची जी चांगली वागणूक आहे तिचंच अनुसरण कर, बाकीची नको. हे शिष्यानं म्हटलेलं नाही, आचार्य स्वतः म्हणत आहेत. म्हणजे आचार्याला देव मान म्हणणाऱ्या त्याच तोंडानं हेही कबूल केलेलं आहे की आमच्यात ‘इतर’ही आहे. कीर्तन संपल्यावर मी मंडपात बसून राहिले. माझ्या हातावरच्या चार छड्यांना कुठं ठेवायचं ते मला त्या दिवशी कळलं.

मार्गशीर्षात घरात गुरुचरित्राचा सप्ताह असायचा. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस आजोबा पहाटे अंघोळ करून सोवळ्यानं पाटावर बसायचे. जमिनीवर चटई टाकून झोपायचे, कांदा-लसूण बंद. बायकांनी ही पोथी वाचायची नाही, फक्त ऐकायची, असा घराचा नेम. टेंबेस्वामींच्या आज्ञेचा आधार देऊन कितीतरी घरांत तो पाळतात. मला तो कधी पटला नाही, पण त्या वेळी आम्ही सगळ्या उंबऱ्याच्या अलीकडे बसूनच ऐकायचो.

सात दिवसांच्या पारायणात एकेचाळिसावा अध्याय सहाव्या दिवशी येतो. त्यात सायंदेव गाणगापूरला येऊन नरसिंह सरस्वतींची स्तुती करतो. मराठी ओव्या चालू असतात आणि मध्येच एक वेगळंच पद लागतं. आजोबांच्या पोथीत ते असं छापलेलं होतं: कंडेनिंदुभक्तजनराभाग्यनिधियभूमंडलदोळगे. सगळं एका दमात, शब्द कुठं संपतो ते कळायला मार्ग नाही. आजोबा या जागी आले की डोळे मिटून घ्यायचे आणि एका सुरात गडगडत पुढे जायचे. आम्ही हात जोडायचो. मला तो भूत पळवायचा मंत्र वाटायचा.

त्या वर्षी सहाव्या दिवशी अक्कोरू शाळेला निघाल्या होत्या. डबा हातात, छत्री काखेत. सोप्यातून जाताना त्या थबकल्या. आजोबा पुढे निघाले होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, "अज्जा, तसं न्हाई."

पारायणात मध्ये बोलायचं नसतं. आई घाबरली. आजोबांनी डोळे उघडले.

"कन्नड आहे ते," अक्कोरू म्हणाल्या.

"काय म्हणालासा बाई?"

त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत, पोथीला हात लावला नाही. आजोबांना म्हणाल्या, परत म्हणा. आजोबांनी म्हटलं. मग त्यांनी ती ओळ त्यांच्या तोंडातून घेतली आणि सुटी केली. कंडेन्, म्हणजे पाहिलं मी. इंदु, आज. भक्तजनर, भक्तजनांच्या. भाग्यनिधिय, भाग्याच्या ठेव्याला. भूमंडलदोळगे, या भूमंडळात. पाहिलं मी आज, भक्तजनांच्या भाग्याच्या ठेव्याला, या पृथ्वीवर.

आजोबांनी चष्मा काढून पोथीच्या कडेला ठेवला. काही वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "चाळीस वर्षं वाचूलोय. मंत्र हाय वाटलं होतं मला."

तो तर आनंद होता! कलबुर्गीकडच्या कुण्या सायंदेवानं आपल्या गुरूला बघितल्यावर आपल्या भाषेत काढलेला उद्गार. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर त्याच सायंदेवाच्या वंशातले, आणि अभ्यासक त्यांची मातृभाषा कन्नडच मानतात. ग्रंथ त्यांनी मराठी ओवीत लिहिला, पण पूर्वजाचे शब्द जसेच्या तसे राहू दिले. ज्या गुरूचं हे चरित्र, त्यांचा जन्म विदर्भातल्या कारंज्याचा, मुक्काम कृष्णाकाठी नरसोबाच्या वाडीत, आणि शेवटची वर्षं भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापुरात. आमच्या गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाडीलाही जातात आणि गाणगापूरलाही. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी मला इतकंच दिसलं की माझ्या आजोबांच्या पोथीत कन्नड आहे, आणि ते आजोबांना येत नाही, आणि अक्कोरूंना येतं.

दुसऱ्या दिवशी समाप्ती झाली. नैवेद्याचं पहिलं ताट आजोबांनी अक्कोरूंच्या खोलीत पाठवलं. ते घेऊन मी गेले. ताट खाली ठेवून तशीच उभी राहिले आणि म्हणाले, "अक्कोरू, मला ते वाचायला शिकवा." अक्कोरू हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून आला.

त्या शिकवायच्या ते स्वेटर विणायच्या सुईनं. ओळीखाली सुईचं टोक ठेवायचं, शब्द संपला की टोक उचलायचं. लांबलचक कन्नड शब्दात सुई तीन-तीनदा उचलली जायची. हा मूळ शब्द, हा प्रत्यय, हा आणखी एक प्रत्यय. पाटीवर ‘मने’ लिहायचं, घर. ‘मनेयोळगे’, घरात. पोथीतल्या भूमंडलातला ‘ओळगे’ असा आमच्या घरातच सापडला. उन्हाळ्यापर्यंत मी एस.टी.ची पाटी वाचायला लागले. स्वतःहून वाचलेला पहिला शब्द ‘बेळगावि’. मी मोठ्यांदा ‘बेळगावी’ म्हटलं, तर त्यांनी सुई वर केली. "वि. ऱ्हस्व. ओढू नको."

त्या बदल्यात आमच्याकडून मराठी शिकल्या, म्हणजे बेळगावी मराठी. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तसंच त्या आजही म्हणतात. दर ५ सप्टेंबरला वर्गात एक गोष्ट सांगायच्या. राधाकृष्णन म्हैसूरला शिकवत होते, १९२१ मध्ये कलकत्त्याला निघाले, तेव्हा मुलांनी त्यांची फुलांनी सजवलेली गाडी घोडे न लावता स्वतः ओढत स्टेशनावर नेली. सांगताना दर वेळी त्यांचा आवाज जड व्हायचा. आम्ही सातवीत असताना त्यांची बदली झाली. गावात गाडी कसली, पण त्यांची ट्रंक आणि वळकटी आम्ही सहा पोरींनी आळीपाळीनं डोक्यावरून फाट्यापर्यंत नेली. आजोबा छत्री धरून बरोबर चालत होते. पुढच्या मार्गशीर्षात सहाव्या दिवशी ते त्या ओळीपाशी थांबले आणि उंबऱ्याकडे बघितलं. मी तिथं बसले होते. मी म्हटलं. ते गेले त्या वर्षापर्यंत दर वर्षी ते थांबत आणि मी म्हणत असे. आता पोथी माझ्याकडे आहे आणि पारायण मी स्वतः करते.

आषाढी पौर्णिमेला व्यासपौर्णिमा का म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं, व्यासांचा दिवस म्हणून. पण व्यास हे नाव कशावरून पडलं हे मी फार उशिरा वाचलं. व्यास म्हणजे विभागणारा, वेगवेगळं करून मांडणारा. एकत्र असलेल्या वेदाचे त्यांनी चार भाग केले आणि चार शिष्यांना दिले, पैलाला ऋग्वेद, वैशंपायनाला यजुर्वेद, जैमिनीला सामवेद, सुमंतूला अथर्ववेद. महाभारत लिहिलं म्हणून मोठे, असंच मी समजत होते. ते वाचलं तेव्हा मला आमचा उंबरा आणि विणायची सुई दिसली. अक्कोरूंना काही नवं घडवावं लागलं नव्हतं. ओळ आजोबांजवळ होतीच, ती त्यांनी फक्त सुटी करून दिली.

तर १० जुलै. खानापुरातून बेळगाव, तिथून दुसरी बस. २०२३ च्या जूनपासून बायकांना साध्या बसचं तिकीट शून्य रुपयांचं, त्यामुळे बस बायकांनी भरलेली. सांबऱ्याकडून जाणारी बस मिळाली की वाटेत पंतबाळेकुंद्री लागते आणि माझे हात आपोआप जोडले जातात. पंतमहाराज (१८५५-१९०५) बेळगावात शाळामास्तर होते. दिवसा पोरांना धडे द्यायचे, आणि त्यांच्याच पदांवर आज शेकडो भजनी मंडळं उभी आहेत. ज्यांना हजारो लोक सद्गुरू म्हणतात ते हजेरीपटावर सही करत होते, हा विचार मला फार धीर देतो.

माझ्या पिशवीत तांदळाचं पीठ होतं. चार वर्षांपूर्वी अक्कोरूंनी माझ्याकडे एकदाच काहीतरी मागितलं, खानापूरच्या तांदळाचं पीठ. पुढच्या वर्षी मी शाल घेतली, फळं घेतली आणि पीठ विसरले. तुकोबांच्या गुरूंनी स्वप्नात पावशेर तूप मागितलं आणि तुकोबांना त्याचा विसर पडला, तो अभंग मला परतीच्या बसमध्ये आठवला आणि रडू आलं. तेव्हापासून पीठ आदल्या रात्रीच पिशवीत भरते.

अक्कोरू आता त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. साखरेचा त्रास आहे, एका डोळ्याला दिसायचं कमी झालंय. त्या लिंगायत. अष्टावरणात, म्हणजे लिंगायतांच्या आठ आधारांत, पहिलं नाव गुरूचंच येतं, पण स्वतःच्या पाया पडू देत नाहीत. मी वाकले की खांदे धरतात, "कालिगी बीळब्याड." हात जोडून "शरणु" म्हणतात, मग मीही "शरणु" म्हणते. त्या दिवशीही तसंच झालं. सुनेनं खडक रोटी, शेंगाचटणी आणि भरल्या वांग्याचं एण्णेगायी वाढलं. मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. काळ्या मातीतल्या त्या घरात जोंधळा सोडून दुसरी भाकरी फारशी होत नाही, त्यामुळे नातवंडं चुलीपाशी येऊन बसली.

जेवणानंतर त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला. तळवा उघडला आणि बघत राहिल्या. छत्तीस वर्षांत त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या म्हणाल्या, "मी घाबरलो होतो त्या दिवशी. सगळं गाव विरुद्ध आहे वाटलं. पोरगी दहा वर्षांची होती, ते बघितलं न्हाई." माझ्या तोंडून काहीच निघालं नाही. मी तो हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.

बाहेर पाऊस लागला होता. बैलहोंगलचा पाऊस आमच्यासारखा नाही, येतो आणि जातो. त्या म्हणाल्या, "अज्जांची ओळ म्हण." दर गुरुपौर्णिमेला म्हणायला लावतात. मी डोळे मिटले आणि म्हटली. पोथीत नाही तशी, सुटी करून. कंडेन् इंदु. भक्तजनर भाग्यनिधिय. भूमंडलदोळगे.

बोट वर झालं.

"दोळगे. ओ ऱ्हस्व."

कन्नडात ओ दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब, आणि ए-सुद्धा दोन. आपल्या अक्षरांत दोन्हीला एकच खूण. त्यामुळे आजोबांच्या पोथीत तो आखूड ओ छापणंच शक्य नव्हतं, आणि मी इथे लिहिते आहे त्यातही तो तुम्हाला दिसणार नाही. तो अक्कोरूंच्या तोंडातूनच घ्यावा लागतो, आणि माझं मराठी तोंड छत्तीस वर्षं तो ओढत आलं आहे.

"परत," त्या म्हणाल्या.

मी परत म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही अशी. खुर्ची माझ्याजवळ ओढली, स्वतः एकदा म्हणून दाखवलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.